ब्रिगोरच्या टाकीचं तोंड

सत्तेचाळीस टप्पे.

एक द्राक्ष, बिनबियांचं, पुढच्या उजव्या चाकाखाली.

चारशे बारा ग्रॅम.

इमारतीच्या ग्रुपवर सकाळी सहाचा निरोप: आजही नाही.

माझं वय एकतीस.

लासूर स्टेशनच्या रस्त्यावर टँकर गेला की मागे उरणारी ओल्या मातीची रेघ.

लाल स्टिकर: जसा आला तसा परत.

जास्वंद मिळालं नाही म्हणून झेंडू.

हे सगळं आता एकमेकांत बसवायचं आहे, काही न तुटता. खोक्यापासून सुरुवात करते. परीक्षण खोक्यापासूनच करतात.

*

खोकं शुक्रवारी पुण्याहून आलं. आत ब्रिगोर होता. ब्रिगोर म्हणजे एक वीतभर उंचीचा रोबो. त्याचे हात दुमडले, पाय जोडले, छाती उलटी केली आणि टाकी पाठीवरून खाली आणली की त्याचा पांढरा टँकर होतो. सूचनापत्रकात सत्तेचाळीस टप्पे दिले होते, चित्रांसकट.

मी, श्रेया, छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. दिवसभर दुचाकीच्या ब्रेकचे भाग तपासते. दोन पृष्ठभागांमध्ये किती फट आहे ते बघायला आमच्याकडे फीलर गेज असतं, म्हणजे पातळ पोलादी पात्यांचा जुडगा. संध्याकाळी घरी येऊन मी त्याच गेजने रूप बदलणारे रोबो तपासते आणि त्याचे व्हिडिओ टाकते. चॅनलचं नाव ‘फट किती’. तीन हजार सहाशे लोक बघतात. त्यातले निम्मे फिटर असावेत, कारण ते खेळण्यापेक्षा गेजबद्दल जास्त विचारतात.

इमारतीत कुरिअरवाला आला की खालच्या केसरबाई विचारतात, कुणासाठी. मी सांगते, माझ्यासाठी. मग त्या पुढचं, पोराबाळांचं, विचारत नाहीत, आणि ते न विचारणं मला तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येतं.

ब्रिगोर मात्र माझ्यासाठी नव्हता. ही खेळणी देशात आणणारा मंदार नावाचा एक माणूस पुण्यात आहे. त्याला मराठीत परीक्षण करणारं एक माणूस कायमचं हवं होतं. ज्याची निवड होईल त्याच्याकडे प्रत्येक नवा रोबो बाजारात यायच्या आधी येणार. त्याने तिघांना निवडलं: कोल्हापूरच्या एक शिक्षिका, मी, आणि नागपूरचे एक दंतवैद्य. नमुना एकच. तो कोल्हापूरहून पुण्याला, तिथून माझ्याकडे आणि माझ्याकडून परत पुण्यामार्गे नागपूरला जायचा. प्रत्येकाला आठ दिवस. अट एकच, ती खोक्यावरच्या लाल स्टिकरवर होती.

मला ही जागा हवी होती. इतकं दुसरं काही हवं असल्याचं मला आठवत नाही. फ्लॅटसुद्धा माझ्या नवऱ्याला, गोकुळला, हवा होता.

*

पहिली तपासणी, रविवार

वजन ४१२ ग्रॅम. रंग एकसारखा. दारं आणि केबिन यांच्यातली फट चांगली. डाव्या खांद्याचा सांधा थोडा ढिला. रोबो म्हणून उभा राहतो: सपाट टेबलावर उत्तम, गादीवर नाही, पण गादीवर मीही उभी राहत नाही.

टाकी: एकसंध. वरचं बटणाएवढं गोल झाकण शोभेचं, टाकीबरोबरच ओतलेलं.

हे शेवटचं वाक्य मी एकटीने लिहिलेलं नाही. या रोबोवर परदेशातल्या लोकांनी केलेले अकरा व्हिडिओ मी पाहिले होते. त्यातला एक पाऊण तासाचा होता. अकराही जणांनी झाकण शोभेचं आहे असंच म्हटलं होतं. कोल्हापूरच्या बाईही तेच म्हणाल्या. मी नखाने टकटक करून बघितलं आणि लिहून टाकलं.

*

आता आत्याबाई.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सारजाबाई. मार्चमध्ये लासूर स्टेशन या गावातल्या घरचं बोअर आटलं म्हणून गोकुळ त्यांना इकडे घेऊन आला. शहरात पाणी असतं, असं त्याने त्यांना सांगितलं होतं. इथं नळाला पाणी आठव्या नाहीतर नवव्या दिवशी येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी लोक रजा टाकतात. आमच्या मागच्या बाजूला तीन वर्षांपूर्वी ज्वारी होती, आता तिथं सात मजली चार इमारती आहेत. त्यांच्याकडेही नळ आहेत. आत्याबाईंनी पहिला आठवडा खिडकीतून हे सगळं नीट बघितलं आणि मग गोकुळला म्हणाल्या, “गावाला टँकर रोज येत हुता. तू मला शहरात आणून नळाची वाट बघायला बसवलंस व्हय?”

गोकुळ शेंद्र्याला नोकरी करतो. अशा वेळी तो मोबाइल चार्जिंगला लावायला उठतो.

आत्याबाईंची माझ्याशी काही तक्रार नव्हती. त्यांचा दिवस घड्याळावर चालायचा: सकाळी सहाला चहा, दुपारी तीनला चहा, मध्ये पोथी आणि खिडकी. माझ्या रोबोंकडे त्या बघायच्या, पण बोलायच्या नाहीत. एकदाच विचारलं होतं, की मी ही बाहुली मोडते की जोडते. मी म्हटलं, दोन्ही. त्यांनी मान हलवली. त्यांनी गावाकडे शिवणकाम केलेलं, त्यामुळे ते पटलं असावं.

सोमवारी संध्याकाळी मी ब्रिगोरचा टँकर करून खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला. सकाळच्या उजेडात त्याचे फोटो घ्यायचे होते. मंगळवारी पाडवा होता, सुट्टी होती. पण सकाळीच कारखान्यातून फोन आला की एका ट्रकचं डिस्पॅच माझ्या सहीवाचून अडलंय. गुढी उभारली आणि तशीच गेले. टँकर टेबलावर राहिला.

खेळण्याच्या दुनियेत याला टँकर मोड म्हणतात. आत्याबाईंच्या दुनियेत पाडव्याच्या सकाळी घरात नवा टँकर उभा होता.

*

पाडव्याला साडेपाच वाजता घरी आल्यावर आढळलेल्या गोष्टी, आढळल्या त्या क्रमाने

दारात रांगोळी, टेबलाखालीही रांगोळी.

टँकरच्या बंपरला काळ्या दोऱ्याने लटकवलेली एक मिरची आणि एक लिंबू. लिंबू केबिनपेक्षा मोठं.

केबिनवर झेंडूच्या पाकळ्या.

टाकीच्या उजव्या अंगावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, त्याच्या चारी घरांत हळदीचे ठिपके.

पुढच्या उजव्या चाकामागे एक चिरडलेलं द्राक्ष.

आत्याबाई, डोक्याला फडकं बांधून पलंगावर. डोकं धरलंय म्हणाल्या. मी म्हटलं, ऊनच तसं आहे.

मग त्या उठून बसल्या आणि मला सगळं समजावून सांगितलं. नवी गाडी दारात आली की चाकाखाली लिंबू ठेवायचं असतं. लिंबू एवढ्याशा चाकाखाली जाईना, म्हणून द्राक्ष ठेवलं. गाडी पुढे ढकलली, चाक वरून गेलं, द्राक्ष फुटलं. नारळ मात्र फोडला नाही, हादऱ्याने गाडी पडली असती. हे सांगताना त्या खूश होत्या. इतकं बोलताना मी त्यांना त्या महिन्यात पहिल्यांदाच बघत होते.

मी स्वस्तिकाकडे बघत होते. पांढरं प्लास्टिक ओलं कुंकू पितं.

आत्याबाईंनी विचारलं, “चुकलं का काही?”

मी म्हटलं, नाही, छान झालीय पूजा.

हे खोटं नव्हतं. रेघा सरळ होत्या, चारी हात एका मापाचे होते. मोजले असते तर अर्ध्या मिलिमीटरचाही फरक निघाला नसता.

*

पुसलं. ओल्या कपड्याने, साबणाने, टूथपेस्टने, खोडरबराने, या क्रमाने. हळद उन्हात उडते हे मला माहीत होतं. पण जास्त उन्हात पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं हेही माहीत होतं. म्हणून बुधवारी आणि गुरुवारी सकाळी अर्धा अर्धा तास ऊन दिलं, वर चाळणी धरून. हळद गेली. कुंकू फिकं गुलाबी होऊन तिथंच राहिलं. स्वस्तिक आता ओळखू येत होतं, पण लाजल्यासारखं.

गोकुळने सल्ला दिला. तो म्हणाला, डाग उजव्या बाजूला आहे, तू डावीकडून शूटिंग कर. परत पाठवताना म्हण, कुरिअरमध्ये काहीतरी लागलं असेल.

बुधवारी इमारतीचा टँकर आला, खराखुरा. टँकरवाला कडुबा गंगापूरकडचा. खालच्या हौदात पाइप सोडला की अर्धा तास त्याला काही काम नसतं, म्हणून तो वर पाणी प्यायला येतो, आणि पाणी टँकरमध्ये असताना वर कशाला, असं त्याला आजवर कुणी विचारलेलं नाही. बुधवारपासून माझी दुपारची, दुसरी पाळी होती, म्हणून घरीच होते. आत्याबाईंनी त्याला टेबलापाशी नेलं. तो वाकून वाकून बघत राहिला, आधी केबिन, मग चाकं, मग मागची बाजू. माझ्या अकरा परदेशी परीक्षकांपेक्षा जास्त वेळ त्याने मागची बाजू बघितली.

“ताई, याला मागं चावीच नाय,” तो म्हणाला. “पाणी काढायचं कुठून?”

मी म्हटलं, खेळणं आहे.

“खालून गळत पण नाय,” तो म्हणाला. “मग हा टँकर नकली आहे.”

आत्याबाई हसल्या. म्हणाल्या, “न गळणारा टँकर अख्ख्या जिल्ह्यात एकच हाय, अन् तो आपल्या घरात हाय.”

मला वाटलं, त्या गंमत करतायत.

*

दुसरी तपासणी, गुरुवार

सकाळी साडेनऊ. कॅमेरा डावीकडे. टँकरचा रोबो, एकाच सलग शूटिंगमध्ये, हेच माझ्या चॅनलचं वैशिष्ट्य. टप्पे एक ते तीस व्यवस्थित. एकतिसाव्या टप्प्याला टाकी वर उचलून पाठीवर उलटी बसवायची असते. बसवली. सत्तेचाळीस पूर्ण. ब्रिगोरला टेबलावर उभा केला.

तो मागे पडला.

परत उभा केला. परत मागे पडला, सावकाश, जेवल्यानंतर खुर्चीत पडावं तसा. रविवारी हाच रोबो याच टेबलावर तासभर उभा होता.

आमच्या कामात एक शिस्त आहे. वस्तू वेगळी वागली की आधी वस्तूवर संशय घ्यायचा नाही, आधी पहिल्या दिवसाची नोंद काढायची. नोंद काढली. वजन ४१२ ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा आणला आणि ब्रिगोरला त्यावर आडवा ठेवला.

५०२.

नव्वद ग्रॅम कुठून आले? कुंकवाचं वजन इतकं नसतं. मी त्याला कानाशी धरून हलवलं. आतून आवाज आला. डुबुक.

मी आत्याबाईंना हाक मारली आणि विचारलं, की पाडव्याला त्यांनी टँकरमध्ये काही केलं होतं का, म्हणजे पूजेशिवाय.

“पाणी भरलं की,” त्या म्हणाल्या. “रिकामा टँकर पुजतेत का कधी?”

“कुठून भरलं?”

“तोंडातून.”

त्यांनी रोबो माझ्या हातातून घेतला, पाठ वर केली, त्या बटणाएवढ्या गोल झाकणावर अंगठ्याचं नख टेकवलं आणि डावीकडे पाव फेरा दिला. झाकण निघालं. आत काळं गोल भोक, आणि भोकात पाणी चमकत होतं.

बारा परीक्षक. मी तेरावी. पाऊण तासाचा व्हिडिओ. नखाने टकटक.

मी विचारलं, हे उघडतं ते तुम्हाला कसं कळलं. आत्याबाईंना प्रश्नच समजला नाही. “अगं, टँकर हाय ना तो?” त्या म्हणाल्या. “मग त्याला तोंड असणार ना? शाळंपुढं टँकर लागतो तो वीस वर्षं बघते म्या. पोरं वर चढून हेच तर बघतेत, पाणी किती राहिलं ते.” पूजेच्या पळीने भरलं, पंधरा पळ्या मावल्या, असंही त्यांनी सांगितलं.

मी झाकण परत घट्ट बसवलं आणि पाण्यासकट ब्रिगोरला कोरड्या टिशूवर उलटा ठेवून कामाला गेले. शुक्रवारी सकाळी बघितलं. टिशू कोरडा होता. एक थेंबही नाही. बुधवारी आत्याबाईंनी गंमत केली नव्हती, तपासणीचा निकाल सांगितला होता.

*

आता अडचण सरळ होती, आणि ती अशी.

डावीकडून घेतलेलं शूटिंग माझ्याकडे होतं. शेवटचं पडणं कापून टाकलं की झालं. त्यात डाग नव्हता, पण झाकणही नव्हतं. झाकण दाखवायचं तर ते कसं सापडलं हे सांगावं लागणार. ते सांगायचं तर पाणी सांगावं लागणार, पाणी सांगितलं की पूजा, आणि पूजा म्हटली की स्वस्तिक.

गोकुळ म्हणाला, तूच शोधलंस म्हण. कोण विचारायला येणार आहे?

बरोबर होतं. कुणीच येणार नव्हतं. मी दात घासताना त्याच्यावर विचार केला, म्हणजे टूथपेस्ट हातात असतानाच. आमच्या कारखान्यात एखादा भाग मापाबाहेर गेला पण चालण्यासारखा असला तर तो लपवून पेटीच्या तळाशी घालत नाहीत. त्याची डेव्हिएशनची चिठ्ठी भरतात. काय बिघडलं, किती, कशामुळे, कुणाच्या हातून. खाली सही. पुढचा माणूस ठरवतो, घ्यायचं की नाही. नऊ वर्षांत मी अशा शेकडो चिठ्ठ्या भरायला लावल्या आहेत, आणि दुसऱ्यांना भरायला लावताना मला कधी काही वाटलं नव्हतं.

शुक्रवारी पाळीला जायच्या आधी कॅमेरा उजवीकडे ठेवला. स्वस्तिकासकट. आत्याबाईंना शेजारी बसवलं. त्यांनी नऊवारी बदलली. झाकण त्यांनीच उघडलं, त्यांच्याच नखाने. पाणी पेल्यात ओतलं, कोरड्या टिशूचा फोटो दाखवला. द्राक्षाची चाचणीही परत घेतली. चाक वरून गेलं. मी म्हटलं, चाकं मोकळी फिरतात. आत्याबाई म्हणाल्या, गाडी बरी हाय, पण चावी नाय. कडुबाचं मत त्यांनी आपलं म्हणून सांगितलं. तेवढं मी चालू दिलं.

शनिवारी टाकी वाळवली, मंदारला व्हिडिओ पाठवला, पुण्याच्या कुरिअरसाठी खोकं बंद केलं आणि वर चिठ्ठी चिकटवली:

*वस्तू: ब्रिगोर, टँकर. त्रुटी: टाकीच्या उजव्या बाजूला फिकट गुलाबी डाग, ३१ मिमी × ३१ मिमी. कारण: पाडव्याची पूजा. कुणाकडून: माझ्या घरात, माझ्या गैरहजेरीत, माझी जबाबदारी. वापरावर परिणाम: नाही. सही: श्रेया.*

*

मंदारचा फोन पुढच्या गुरुवारी आला. मी जेवणाच्या सुट्टीत होते. तो आधी पाच मिनिटं व्हिडिओबद्दल बोलला. त्याने ते झाकण दाखवायला परदेशातल्या कंपनीला व्हिडिओ पाठवला होता. ज्याने खेळणं रेखाटलं त्याने ते झाकण मुद्दाम उघडणारं केलं होतं. सूचनापत्रक काढणाऱ्यांनी ते गाळलं, आणि तो माणूस दोन वर्षं वाट बघत होता की कुणाला सापडतंय का.

मग त्याने खोक्यावरची चिठ्ठी वाचल्याचं सांगितलं. मला कळलं.

“डाग आहे तो,” तो म्हणाला. “नमुना असा नागपूरला पाठवता येत नाही.”

“माहीत आहे,” मी म्हटलं.

“अट लिहिलेली होती.”

“हो. मोठ्या अक्षरात.”

त्याने सांगितलं की नागपूरच्या डॉक्टरांना दुसरा नमुना दिला आहे, आणि बहुतेक त्यांचंच नक्की होईल. डाग पडलेला ब्रिगोर त्याला ठेवता येणार नव्हता, फेकवतही नव्हता. तो परत पाठवतो, मीच ठेवावा, असं त्याने सुचवलं. मी बरं म्हटलं. डब्यातली भाजी गार झाली होती. ती खाल्ली आणि तिसऱ्या लाइनवर जाऊन सलग चार तास ब्रेकचे भाग तपासले. त्यातले सहा बाद केले. सहाही खरोखर बाद करण्यासारखे होते, मी दोनदा बघितलं.

घरी सांगितलं तेव्हा गोकुळने मोबाइल चार्जिंगला लावला. आत्याबाईंनी विचारलं, त्यांच्यापायी गेलं का. मी म्हटलं, गेलं ते डागापायी, आणि सापडलं ते तुमच्यापायी. त्यांनी दोन्ही गोष्टी मनात तोलल्या. मग विचारलं, “म्हणजे गाडी आपल्याकडंच राहती?”

राहिली. मे महिन्यात दंतवैद्यांचा व्हिडिओ आला. माणूस चांगला आहे, हात स्थिर आहेत, सांधे बघताना भिंग लावतो. सतराव्या मिनिटाला त्याने झाकण उघडलं आणि म्हटलं, हे मला सापडलेलं नाही, हे छत्रपती संभाजीनगरच्या सारजाबाईंनी शोधलं. तेवढा तुकडा आत्याबाईंनी आठ वेळा बघितला. नवव्यांदा बघायला केसरबाईंना वर बोलावलं. केसरबाईंनी टेबलावरच्या ब्रिगोरकडे बोट दाखवून विचारलं, हा कुणाचा.

“आमचा,” आत्याबाई म्हणाल्या.

आता ‘फट किती’वर त्या दर रविवारी असतात. रोबो मी विकत आणते, म्हणून उशिरा येतात आणि कमी येतात. मी गेज लावते, त्या तोंड शोधतात. आतापर्यंत एका क्रेनचं आणि एका आगीच्या बंबाचं बघून झालं. दोन्हींना तोंड नव्हतं. बंबाला नसल्याबद्दल त्यांनी कॅमेऱ्यात बघून नापसंती नोंदवली.

पाडव्याला नळाला पाणी आलं नव्हतं आणि पिण्याच्या पाण्याचा जारवालाही आला नव्हता; टाकीत ओतलेलं पाणी आत्याबाईंच्या दुपारी तीनच्या चहाचं होतं.